दोन थेंब खोबरेल

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली की आधी संशय माझ्यावर यायचा आणि मग ती दुरुस्तीला माझ्याकडेच दिली जायची. मला दोन्हींचा सारखाच अभिमान होता. मी तेव्हा मेकॅनिकलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आणि कितव्यांदा होतो ते इथे लिहिण्याचं कारण नाही. वडील मला इंजिनिअरसाहेब म्हणत. ‘इंजिनिअरसाहेब, इस्त्री आता अजिबातच गरम होत नाहीये, काल तुम्ही बघितली होती ना?’ असं त्यांनी विचारलं की आई पदर तोंडाला लावून ओट्याकडे वळायची. मी मात्र स्क्रूड्रायव्हर शोधायला लागायचो. माझ्या हाताला गुण आहे अशी माझी पक्की समजूत होती. ती एका सकाळी गेली, आणि त्या सकाळबद्दल मी घरात पुढे कधी अवाक्षर काढलं नाही. आता सगळ्यांचे केस पांढरे झालेत, माझे तर पांढरे व्हायलाही थांबले नाहीत, म्हणून लिहून टाकतो.

दत्तवाडीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत वडिलांची कॉट, आईचं शिवणाचं मशीन आणि दोन्हींच्या मधल्या फटीत, जुनी चादर पांघरून उभी केलेली सुजाताची सायकल. सुजाता माझी धाकटी बहीण, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. पाहुणे आले तरी ती सायकल हलवायची नाही असा नियम होता, पाहुण्यांनीच जरा सरकून बसायचं. पहाटे पावणेपाचला आधी आईच्या बांगड्या वाजत, मग गॅस पेटल्याचा भप्प आवाज, मग सुजाता सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरायची आणि मागचं चाक आपलं आपण फिरत, टिकटिक करत तिच्याबरोबर उतरायचं. ती टिकटिक तळमजल्याला जाऊन थांबली की मी कूस बदलायचो. रायडर उठली म्हणजे मेकॅनिकनंही उठलं पाहिजे असं काही नाही. सिंहगड रोडनं खडकवासल्याला जाऊन ती साडेसहाच्या सुमाराला परत यायची. तिच्यासाठी ताटलीत भिजवलेले हरभरे, दोन खजूर, वाटीभर नाचणीची आंबील आणि पेलाभर दूध झाकून ठेवलेलं असायचं. दूध फक्त तिला. आम्हा बाकीच्यांच्या चहाचा रंग त्या वर्षी हळूहळू काळपट होत गेला. एरवी चहावरून आईला बोल लावल्याशिवाय वडिलांचा दिवस उजाडत नसे, पण त्या वर्षी ते कपात बघायचे आणि गप्प प्यायचे.

कारण सगळ्यांनाच माहीत होतं. वडिलांची भोसरीची कंपनी तेव्हा तुकड्यातुकड्यानं बंद पडत होती. आधी कँटीनमधली उसळ गेली, मग रात्रपाळी गेली, मग न्यायला येणारी बस गेली, आणि आता आठवड्यातले तीनच दिवस काम होतं. माझ्या डिप्लोमावर विसंबून राहण्याइतकं भाबडं आमच्या घरात कुणी नव्हतं, मीसुद्धा नाही. राहिली सुजाता. साध्या काळ्या सायकलीवर तिनं जिल्ह्याच्या दोन शर्यती मारल्या होत्या. राज्याच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत अर्ज करता येतो, असं कुणीतरी वडिलांना सांगितलं, आणि ज्या माणसानं आयुष्यात कधी क्रिकेटचा स्कोअर विचारला नाही तो घाटात पायडल कसं मारावं यावर बोलायला लागला. तिचं वय आणि बारावीचं वर्ष पाहता ही एकच संधी होती. पुढच्या वर्षी घरात दूध कुठून येणार हेच कुणाला सांगता येत नव्हतं.

सायकल आमची नव्हती. एरंडवण्यात एक परदेशात राहून आलेले गृहस्थ होते, त्यांच्या पत्नीचे ब्लाउज आई शिवायची. त्यांनी तिकडून शर्यतीची सायकल आणली होती, दोन रविवार चालवली होती आणि नंतर सहा-सात वर्षं तिच्यावर टॉवेल वाळत घातले होते. निवड होईपर्यंत वापरा, मग आणून द्या, असं म्हणून त्यांनी ती दिली. पिसासारखी हलकी, निळी, आणि तिच्यात आम्ही कधी न पाहिलेली एक गोष्ट होती: गिअर ब्रेकच्या लिव्हरमध्येच. लिव्हर आत ओढली की ब्रेक, आणि तीच बाजूला दाबली की टक् असा आवाज होऊन चेन मोठ्या चक्रावर चढते, गिअर हलका होतो. तिच्यामागे छोटी पट्टी, ती दाबली की चेन परत खाली, गिअर जड. हात हँडलवरून काढायला नको. घाटात ज्याचा हात निघतो त्याचं लक्ष निघतं, असं सुजाता म्हणायची.

फक्त टक् होत नव्हतं. लिव्हर बाजूला दाबली की ती मेल्यासारखी सरकायची आणि तशीच परत यायची. दहादा दाबलं तर एखाद्या वेळी गिअर पडायचा. मी ती घेऊन गंज पेठेत बशीरभाईंकडे गेलो. त्यांच्या घरात तीन पिढ्या सायकलीचं काम, आणि पुण्यात सायकली उरल्या नाहीत याचा राग ते गिऱ्हाइकावर काढत. त्यांनी लिव्हरला कान लावला, चारपाच वेळा दाबली आणि सांगितलं की आतलं ग्रीस वाळून डिंक झालंय. आत एक दातेरी चाक असतं, त्याचे दात धरायला एक छोटी खिट्टी असते, तिला सायकलवाले कुत्रा म्हणतात. तो कुत्रा डिंकात चिकटून बसलाय, दाताला चावत नाही. मी लगेच म्हटलं की मग उघडून साफ करतो. बशीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

‘उघडू नका. आत केसाएवढी स्प्रिंग आहे. उडाली तर तुम्हाला खडकवासल्यात सापडेल.’

मग त्यांनी उपाय सांगितला. रॉकेलनं धुवायचं, खालून काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धूत राहायचं, मग वाळू द्यायचं, आणि मग शिवणाच्या मशीनचं तेल, दोन थेंब.

‘म्हणजे कुठलंही पातळ तेल चालेल,’ मी म्हटलं.

‘शिवणाच्या मशीनचं,’ बशीरभाई म्हणाले. ‘मी मराठीतच बोललो ना?’

दवाखान्यातून आणलेल्या सिरिंजनं मी दोन दिवस त्या लिव्हरमध्ये रॉकेल मारत होतो. वडील खाली वाटी धरून उकिडवे बसले होते. घरभर रॉकेलचा वास, आमटीलाही रॉकेलचा वास, आई नाकाला पदर लावून फोडणी देतेय. वाटीत आधी काळं, मग तपकिरी, मग पिवळट पाणी आलं, आणि कितव्या तरी पिचकारीनंतर सुजातानं लिव्हर दाबली तेव्हा टक् असा आवाज झाला. तिनं परत दाबली. टक्. चौघं जण त्या आवाजाकडे बघत बसलो, आवाज बघता येतो असं वाटावं इतका तो स्पष्ट होता. वडील वाटी घेऊन उठले आणि म्हणाले, ‘जमलं वाटतं.’ एवढं कौतुक माझ्या वाट्याला तोपर्यंत आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

आता दोन थेंब तेल राहिलं होतं. ते मी उद्यावर टाकलं, परवावर टाकलं. लिव्हर चालतच होती. निवड डिसेंबरातल्या एका रविवारी, आणि आदल्या दिवशी दुपारी सुजाता म्हणाली की दाबताना जरा कोरडं, खरखरीत लागतंय, दादा तू तेल घातलंस ना? मी म्हटलं, घालतोच आहे. आईच्या मशीनची कुपी उघडली तर कोरडी ठणठणीत. कोपऱ्यावरचं दुकान चारला उघडणार होतं. अडीच वाजले होते आणि शेजारच्या जोश्यांकडे टीव्हीवर वनडे चालू होती. दीड तास थांबायचं, मॅच अर्धी टाकून दुकानात जायचं, आणि तेही दोन थेंबांसाठी. मी ओट्याकडे पाहिलं. तिथे खोबरेल तेलाची निळी बाटली होती.

आमच्या घरात खोबरेल कशाला लावत नसत ते सांगणं सोपं. भाजलं तर खोबरेल, दार कुरकुरलं तर खोबरेल, कुलूप अडलं तर खोबरेल, रेडिओचं बटण घट्ट झालं तरी आई बोटानं खोबरेलच लावायची. शिवाय मी विचार केला, आणि माझ्या बाबतीत सगळं नुकसान या टप्प्यावर होतं. पाण्यासारखं पातळ आहे, स्वच्छ आहे, धूळ धरत नाही. मी दोन थेंब घातले. आणखी दोन घातले. लिव्हर इतकी सुरेख चालायला लागली की मला बशीरभाईंची कीव आली. सुजातानं अंगणात दोन चकरा मारल्या आणि म्हणाली, ‘दादा, नवीन असताना अशीच असेल नाही?’ मी नुसता हसलो आणि जोश्यांकडे गेलो.

मी हे आजवर अनेकदा स्वतःशी मांडून बघितलंय. थंडीच्या दिवसांत रोज सकाळी ती बाटली पांढरी, दगडासारखी घट्ट झालेली असायची. ती उचलून गॅसशेजारी ठेवायची, वितळेपर्यंत वाट बघायची आणि मग डोक्याला तेल थापायचं, हे काम घरात मीच करायचो. रोज. माझे केस तेव्हा दाट होते आणि माझा त्यांच्यावर जीव होता. त्या शनिवारी सकाळीही मी तेच केलं होतं.

निवडीचा रस्ता खडकवासल्याच्या धरणापासून पाण्याकडेनं डोणज्यापर्यंत सपाट, आणि तिथून सिंहगडाच्या घाटात तिसऱ्या वळणापर्यंत चढ. मुलींना एकेकीला घड्याळावर सोडत होते. सहा वाजता धरणावर इतकी थंडी होती की बोलताना प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. वडील कानटोपी आणि मफलर घालून, आईनं दिलेली आंबिलीची बाटली स्वेटरच्या आत धरून उभे होते. मी ओळखीच्या एकाच्या स्कूटरवरून घाटात पुढे गेलो आणि तिसऱ्या वळणावर थांबलो. उजाडलं, पण घाट सावलीतच होता. एकेक मुलगी वर येत होती. सुजाताच्या मागून सुटलेली पहिली मुलगी वर आली, मग दुसरी आली. मग वळणाखाली निळा रंग दिसला.

ती पायडलवर उभी राहून, सगळं अंग एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे टाकत येत होती. सपाटीवर तिनं गिअर जड करत नेला होता, तो पडत गेला होता, कारण जड करायला नुसती छोटी पट्टी दाबायची असते, स्प्रिंग आपलं काम करते. घाट लागल्यावर हलका करायला तिनं लिव्हर दाबली आणि ती मेल्यासारखी सरकली. मग ती दाबतच राहिली असणार. माझ्यापासून शंभरएक पावलांवर सायकल जवळजवळ थांबली. ती उतरली आणि सायकल ढकलत, धावत वर आली. तिनं रेघ ओलांडली आणि सायकल माझ्या हातात देऊन रस्त्याच्या कडेला बसली. मी लिव्हर दाबली. घट्ट तुपात चमचा खुपसावा तशी ती आत गेली आणि तितक्याच आळसानं परत आली. त्या क्षणी मला आमचा ओटा दिसला आणि गॅसशेजारची बाटली दिसली.

खाली डोणज्याला शाळेसमोर निवडीचं टेबल मांडलं होतं. सगळे खाली जमेपर्यंत, नावं पुकारेपर्यंत दहा वाजले. सायकल शाळेच्या भिंतीला टेकवलेली, हँडलवर लख्ख ऊन. सुजाता टेबलापाशी जाऊन म्हणाली, ‘सर, गिअर पडत नव्हता.’ निवड समितीचे सर जाडसर, सुती टोपी घातलेले, दिसायला भले गृहस्थ होते. त्यांनी तिला नियम सांगितला. मशीनमध्ये, म्हणजे सायकलीत, बिघाड असेल तर उद्या सकाळी परत एकदा सोडता येतं, पण बिघाड काय ते मेकॅनिकनं लेखी दिलं पाहिजे. नुसतं गिअर पडत नव्हता एवढ्यावर भागत नाही, कारण जी मागे राहते तिचा गिअर पडलेला नसतो. असं म्हणत ते उठले, सायकलपाशी आले आणि त्यांनी लिव्हर दाबली. टक्. परत दाबली. टक्. टक्. दोन तास उन्हात उभं राहून लिव्हरवरचं काळं रबर तापलं होतं आणि आतलं सगळं वितळून पाणी झालं होतं.

‘आवाज तर छान येतोय,’ सर म्हणाले. ‘मशीनचं कोण बघतं?’

मी म्हटलं, मी.

‘मग? काय बिघाड होता?’

बिघाड मला माहीत होता. तिथे जमलेल्या माणसांत तो एकट्या मलाच माहीत होता. एका वाक्याचं काम होतं. पण वडील तिथेच कानटोपी हातात घेऊन उभे होते, इतर मुलींचे मेकॅनिक उभे होते, खरे मेकॅनिक, हातात पाने असलेले, आणि ते वाक्य असं होतं की मी शर्यतीच्या गिअरमध्ये केसाचं तेल घातलं. मी म्हणालो, ‘कालच तपासलं होतं सर. ठीक होतं.’

‘पाय गेले असतील,’ सर समजुतीच्या सुरात म्हणाले. ‘होतं असं. पाय गेले की सगळे गिअरवर ढकलतात.’

मी मान हलवली.

सुजाता सरांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ग्लोव्ह काढलेला हात तिनं तोंडापाशी धरला होता. मला वाटलं, रडू आवरतेय. सरांनी अजून काही सांगायचं आहे का असं विचारलं, कागद उलटसुलट केले, पेनाचं टोपण लावलं. तिला बोलायला पुष्कळ वेळ होता. ती बोलली नाही. वडिलांनी स्वेटरमधून आंबिलीची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, ‘चला. एक काळजी मिटली.’ परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. कारणं सांगू नयेत माणसानं, असं म्हणाले. तिच्याकडे बघून म्हणाले.

त्या आठवड्यात मी परत एकदा रॉकेलनं लिव्हर धुतली, शिवणाच्या मशीनचं तेल विकत आणून बरोबर दोन थेंब घातले, आणि सायकल एरंडवण्यात पोचवून आलो. कंपनी उन्हाळ्याच्या आत पूर्ण बंद झाली. सुजाता लक्ष्मी रोडवर एका साड्यांच्या दुकानात लागली, नऊ ते साडेआठ, आणि बारावीचे राहिलेले विषय राहिले ते राहिलेच. चहा परत दुधाचा झाला, तिच्या पगारातून. ती पुन्हा सायकलवर बसली नाही. मी कधी विचारलंही नाही. विचारायला तोंड उघडलं असतं तर दुसरंही काही बाहेर पडलं असतं. माझा डिप्लोमा यथावकाश झाला, नोकरी लागली, लग्न झालं, आणि नातेवाइकांत मी दुरुस्तीतला जाणकार म्हणून ओळखला जाऊ लागलो. याला कुणी न्याय म्हणत असेल तर म्हणो.

ती आता वाघोलीला राहते, आठव्या मजल्यावर. मागच्या महिन्यात तिच्या मुलीनं, मुक्तानं, फोन केला. मुक्ता आयटीत आहे, रविवारी एका ग्रुपबरोबर सायकल चालवते आणि तिनं एक सेकंडहँड रोड बाईक घेतली आहे. ‘मामा, राइट शिफ्टर डेड आहे रे, शॉपवाला म्हणतो पूर्ण बदला, आई म्हणाली मामाला विचार.’ मी गेलो. तोच आजार, वाळलेलं ग्रीस. हल्ली त्यासाठी स्प्रे मिळतो. पेपर अंथरून मी बाल्कनीत अर्धा तास धूत बसलो, वाळू दिलं, तेल सोडलं. टक् आला. मुक्ता सायकल घेऊन लिफ्टनं खाली गेली. सुजाता दारात उभी राहून मेथी निवडत होती. म्हणाली, ‘कुठलं तेल घातलंस?’

मी म्हटलं, मशीनचं. मग कसं कोण जाणे, पण म्हटलं, ‘सुजू, तेव्हा मी खोबरेल घातलं होतं.’

‘माहीत आहे,’ ती म्हणाली. ‘ग्लोव्ह काढला तेव्हाच वास आला. लिव्हरमधून गळून हातावर आलं होतं सगळं.’

मेथीच्या काड्या बाजूला पडत होत्या. मी विचारलं की मग सरांना सांगितलं का नाहीस.

‘मेकॅनिकनं सांगायचं होतं, नियमच होता तसा. आणि मी सांगितलं असतं तर बाबांनी तुला आयुष्यभर ऐकवलं असतं.’ तिनं जुडी उलटी केली. ‘मला वाटलं, तू सांगशील. मी थांबले होते.’

मी काही बोललो नाही. या बाबतीत माझ्यात सातत्य आहे.

तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं आणि मुक्ता घामाघूम होऊन सायकल ढकलत आत आली. म्हणाली, मामा, गिअर एकदम बटर, पूर्ण सोसायटीला दोन राउंड मारले, एकदासुद्धा अडकला नाही. सुजातानं मेथीचं ताट उचललं.

‘मामाला थँक्यू म्हण,’ ती म्हणाली.

मुक्तानं म्हटलं. मी ते घेतलं.